शमीमला ऐकवायची पावान

गुलाम रसूल जहाजावर फिटर होता. बंदर लागलं की बाकीचे अत्तर नि घड्याळं शोधत फिरायचे. हा जुन्या सुरावटी शोधायचा, चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात वाजायच्या त्या. कुठे लिस्बनला, कुठे जिनोव्याला त्यांच्या स्वरलिपीच्या नकला मिळवल्या. त्या काळच्या घडणीचं ल्यूट हे तंतुवाद्यही आणलं, भोपळा उभा चिरावा तशा पोटाचं, अरबांच्या ऊदच्या गोतातलं. पावस गावच्या घरी कायमचा परतला तो एकाच मनसुब्याने, की बायकोला, शमीमला, हे सगळं समोर बसवून ऐकवायचं. बिचारीने उभ्या संसारात फोनवरची खरखरच तेवढी ऐकली होती.

पण शमीमचे कान मिटत चालले होते. आधी पाखरं गेली, मग बांग गेली, मग समुद्राची गाज. कानातलं मशीन नुसत्या शिट्ट्या मारी. "थोडं उरलंय, तेही टिकायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

आणि ल्यूटचा आवाज मुळातच लाजरा. तो वाजवी, ती त्याच्या बोटांकडे बघत राही.

"वाजवताव का नुसते खाजवताव?" ती हसे. त्याला हसू येत नसे.

शेवटी त्याने आतड्याच्या नाजूक तारा उतरवल्या आणि सुरमईच्या गळाचा जाड नायलॉनी तंगूस चढवला. ताण बसला तर आवाज मोठा होईल, एवढीच आशा. खुंट्या पिळत गेला, पिळत गेला. कडाड झालं. तबलीचा, म्हणजे वरच्या पातळ फळीचा, पापुद्रा घेऊन तारा धरणारी घोडी उखडली.

"हा ऐकला हां मी," शमीम म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून जवळ आली. "काय वाजवायचं होतं?"

तो तिच्या कानाशी वाकला. "पावान. राजेलोकांचा नाच. हात धरून सावकाश चालायचं."

"मग उठा."

"ह्या वयात? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मना कुठं ऐकायला येतंय!"

आंब्याच्या कलमांच्या सावलीत त्याने तिचा हात धरला. तळव्यावर अंगठा दाबला: एक लांब, दोन आखूड. एक लांब, दोन आखूड. तिचं पाऊल आधी अडखळलं, मग त्याच लयीत पडू लागलं. पाचोळा वाजत होता. तो फक्त त्यालाच ऐकू येत होता.

विहिरीपाशी सुरावट संपली. त्याने अंगठा उचलला. शमीम थांबली नाही. हात तिच्या हातात होता, तेव्हा तोही निघाला.