भिंतीच्या काठापर्यंत

सून पुन्हा आपटली, तेव्हा सासूबाईंनी मोटरला शिवी दिली.

तळ्याच्या दोन टोकांना दोन लोखंडी खांब, मधे ताणलेली तार आणि ती तार ओढणारी मोटर. मोटरचा दांडा सासूबाईंच्या हातात; दाबला की ओढ वाढे, मागे आला की कमी होई. नवऱ्यानं हा धंदा मांडला तेव्हापासून त्या दांड्याला दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं त्यांना खपत नसे.

सून वेकबोर्डवाली. पायाला फळी बांधायची, तारेला लोंबणारी मूठ धरायची आणि पाण्यावरून सुसाट सुटायचं. तळ्याच्या मधोमध क्वार्टर पाइप उभा होता, म्हणजे पाण्यातून निघून वाकत वाकत पार उभी झालेली गुळगुळीत भिंत. त्या भिंतीवर चढायचं, काठाच्या वर हवेत उलटी गिरकी घ्यायची आणि त्याच भिंतीवरून खाली यायचं, असा सुनेचा हट्ट होता. या तळ्यावर अजून ते कुणाला साधलं नव्हतं. स्पर्धा उद्यावर आलेली. तिला शिकवणारे मास्तर सकाळीच म्हणाले होते, "आज एकदा तरी नीट उतरून दाखव. नाहीतर उद्या साध्या उड्या मारायच्या. मोडकी हाडं गोळा करायला मी येणार नाही."

"उतरेल हो," सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या होत्या. "माझ्या हाताखाली आहे ती."

आणि आता ही गत. फळीचं टोक काठावर अडकत होतं आणि पोर पाठीवर घसरत पाण्यात येत होती.

गेल्या वर्षी अशीच पडून तिचा खांदा निखळला होता. महिनाभर तिला हात वर करता येईना. तेव्हा तिची वेणी सासूबाईंनीच घातली, आणि वेणी घालताना रोज टोमणेही मारले. पण निखळताना ती जी ओरडली होती, तो ओरडा त्यांच्या कानातून अजून गेला नव्हता. हे त्या कुणाला सांगायच्या नाहीत. सांगतील कशाला? त्यांना भीती वाटते असं कुणी म्हटलं असतं तर त्याचं घर त्यांनी उन्हात बांधलं असतं.

सून तळ्याच्या काठाला आली. ओठ निळे पडलेले.

"तुझंच चुकतंय," सासूबाई आधीच सुरू झाल्या. "गुडघे आधी उचलतेस."

"गुडघे ठीक आहेत. ओढ कमी पडतेय."

"नाचता येईना अंगण वाकडं! मोटर खोकतेय जराशी, एवढंच."

"मग परत."

परत. तार ताणली, फळी पाण्यावर उठली. काठ येईस्तोवर ओढ पुरी हवी, काठ सुटला की दांडा सैल सोडायचा, आणि ती खाली आली की उलट्या बाजूला ओढायचं. हे सासूबाईंच्या हाडात मुरलेलं. भिंत जवळ आली. सुनेची पाठ ताठ झाली. आणि भिंत यायच्या जरा आधी मोटरचा आवाज खाली बसला.

सासूबाईंनी तो ऐकला. दांड्याकडे पाहिलं. दांडा मागे आला होता, आणि त्यावर हात त्यांचाच होता.

पलीकडे धप्प आवाज झाला. पोर पाण्यावर यायला वेळ लावत होती. पडलेल्याला उचलायला ठेवलेल्या होडीत सासूबाईंचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, उभा राहिला. मग डोकं दिसलं, मग हात, मग खोकला.

या वेळी ती पोहत थेट मोटरपाशी आली. खांदा एका हातानं धरलेला.

"अहो आई, मोटर नाही. तुमचा हात."

"माझा हात?" सासूबाई कडाडल्या. "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून..."

"मला वाचवायला आधी सोडता. म्हणून तर मी काठ गाठत नाही आणि आपटते. तुम्ही मला वाचवता आहात तेच मला मारतंय."

सासूबाईंनी दांड्यावरचा हात उचलून पदराला पुसला. मुलगा होडीतून म्हणाला, "आई, हवं तर दांडा मी धरतो."

"तू गप," सून आणि सासू एकदम म्हणाल्या.

"ह्यांच्या हातात दिला तर मी झाडावर सापडेन," सून पुढे म्हणाली. "धराल तर तुम्हीच धरा. पण पुरता धरा."

"आणि पडलीस तर?"

"तर माझी मी पडेन."

काठावर उभे असलेले मास्तर घसा खाकरून म्हणाले, "ही शेवटची. खांदा सुजतोय तिचा."

सासूबाईंनी पदर खोचला. तोंड चालूच होतं, "जा, बये, जा. शहाणी झालीस." पण हात दांड्यावर नीट बसवला, अंगठा वरून दाबून.

तार ताणली. पाणी फाटत गेलं. भिंत आली, आणि हात आपोआप मागे यायला लागला, जसं गरम भांड्यावरून बोट येतं तसं. त्यांनी दात आवळले. ओढ, ओढ, अजून नाही, मेल्या, अजून नाही. मोटर एका सुरात ओरडत राहिली. फळी भिंतीवर चढली, उभी झाली, काठ ओलांडून आभाळात गेली.

आता! दांडा सैल.

सून हवेत उलटी झाली. डोकं खाली, फळी वर, मूठ पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात. फळी भिंतीला लागली. एक कड आधी, खरकन. अंग वाकलं, डगमगलं, आणि पडलं नाही. ती भिंतीवरून खाली आली तशी त्यांनी दांडा उलट्या बाजूला ढकलला, आणि ती पाण्यावरून धावत निघाली.

मास्तर ओरडले. मुलगा ओरडला. होडी उलटता उलटता राहिली.

सून टोकाच्या खांबाजवळ आली. वेग तोच. तिनं मागे वळून पाहिलं, हात हलवला.

"अहो आई! सोडा! आता तरी सोडा!"

सासूबाईंना काही ऐकू येत नव्हतं. दांडा पुरता दाबून त्या ताठ उभ्या होत्या. सुनेनंच मूठ टाकली आणि तळ्याकाठच्या चिखलात सपशेल बसली.