बेडूकबाईंचं मुखपृष्ठ

"हे चित्र तुमच्याच बहिणीचं ना हो, बेडूकबाई?"

साहेबांनी मोबाइल ताईच्या टेबलावर ठेवला. पडद्यावर शेवाळ होतं. ओल्या भिंतीवर येतं ते साधं, मऊ, हिरवं शेवाळ. पण इतक्या जवळून काढलेलं की त्याचं घनदाट जंगल झालं होतं. देठांच्या खांबांमधून उजेड झिरपत होता, आणि पाण्याच्या एका थेंबात, काचेच्या खोलीत बसावं तशी, नखाएवढी एक बाई पाय पसरून वाचत बसली होती.

"हो," ताई म्हणाली. "फावल्या वेळात करते काहीबाही."

"काहीबाही?" साहेब हसले. "आमच्या घरात मला तिघांनी वेगवेगळं पाठवलंय हे. आठवीच्या विज्ञानाला मुखपृष्ठ म्हणून हेच घ्यावं म्हणतो. तुम्ही विचाराल तिला? बुधवारपर्यंत कळलं तर बरं."

"विचारते," ताई म्हणाली आणि पुढ्यातल्या गांडुळाच्या पचनसंस्थेकडे वळली.

पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात, आकृती विभागात, तिला सव्वीस वर्षं झाली होती. चारी पाय ताणून टाचण्यांनी टोचलेला, उभा चिरलेला बेडूक तिने नोकरीच्या दुसऱ्या वर्षी काढला. त्यानंतर अभ्यासक्रम चारदा बदलला, बेडूक बदलला नाही. लाखो मुलांनी तो वहीत उतरवला, बाण काढून त्याच्या काळजाला आणि जठराला नावं दिली. काढणारीचं नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं, कारण आतल्या आकृतींवर नाव घालायची पद्धत नव्हती. नाव छापलं जायचं ते मुखपृष्ठाच्या चित्रकाराचं, आणि मुखपृष्ठ नेहमी बाहेरच्या माणसाकडून यायचं. ताईला याचं कधी काही वाटलं नव्हतं. निदान तिची तशी समजूत होती.

धाकटी तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई-वडील गेल्यापासून ताईकडेच राहायची. शेवाळावर पीएच.डी. करत होती, हे पाचवं वर्ष. महिनोन्‌महिने कोरडं पडलेलं शेवाळ चार थेंब मिळताच पुन्हा हिरवं कसं होतं, हा तिचा विषय. सकाळी आठला प्रयोगशाळेत जायची, संध्याकाळी परतायची, आणि आल्या आल्या, तोंडही न धुता, जेवणाच्या टेबलाशी टॅब घेऊन बसायची. तासाभरात काचेवर जंगल उभं राहायचं. रेघ चुकली की ती दोन बोटं नुसती टेकवायची आणि रेघ नाहीशी व्हायची. ताईने उमेदीची सगळी वर्षं चुकलेल्या रेघा ब्लेडने खरवडण्यात घालवली होती.

आणि विचारलं तर म्हणणार काय, "जरा डोकं शांत होतं गं!" ताईचं जे पोट होतं, ती हिची करमणूक. शिवाय उद्या नावामागे 'डॉक्टर' लागणार. एकाच पोरीच्या पदरात किती टाकायचं, याला काही धरबंध?

त्या संध्याकाळी ताईने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी धाकटी दमून आली होती. तिसऱ्या दिवशी ताईचंच डोकं दुखत होतं. बुधवारी साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले.

"प्रबंध लिहितेय ती," ताई म्हणाली. "सध्या नाही जमणार म्हणाली."

खोटं इतक्या सहज तोंडून निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"अरेरे!" साहेब क्षणभर घुटमळले. "मग असं करा, तुम्हीच काढा. इतकी वर्षं आमची झुरळं आणि गांडुळं काढताय. एक मुखपृष्ठ तुमचं होऊन जाऊ दे."

ताईने कागद घरी आणला. तळं काढलं, लव्हाळं काढलं, चतुर काढला, आणि काठावर एक बेडूक. या खेपेला जिवंत. पाचव्या दिवशी धाकटीने खांद्यावरून डोकावून पाहिलं. कागदाच्या वरच्या कडेला पेन्सिलीने 'विज्ञान, आठवी' असं लिहिलेलं होतं.

"मुखपृष्ठ? तुझं? अगं, मग बोलली का नाहीस!" तिने मागून गळ्यात हात टाकले. हनुवटी ताईच्या डोक्यावर टेकवून ती बराच वेळ चित्र बघत राहिली. "चतुराचे पंख बघ ना! शिरान्‌शीर मोजून काढलीयस. मला सात जन्मांत नाही जमायचं." मग जरा चाचरत म्हणाली, "एक सांगू? पाणी हलत नाहीये."

ताई काही बोलायच्या आत तिने टॅबवर चित्राचा फोटो घेतला आणि बेडकाच्या पायाशी चार-सहा फटकारे मारले. तळं जागं झालं. बेडूक आत्ताच पाण्यातून वर आलाय, असं दिसू लागलं.

"पाठवू हे तुला?"

"राहू दे," ताई म्हणाली. "ऑफिसात कागदच लागतो."

दुसऱ्या दिवशी तिने कागदच दिला, जसा होता तसा. साहेबांनी तो हात लांब करून पाहिला. "छान. अगदी नीटनेटकं," ते म्हणाले. ताई खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

तीन आठवड्यांनी धाकटी भर दुपारीच घरी आली. टॅब बाहेर काढला नाही. बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर टाकला आणि खुर्चीत बसली.

"सरांनी तिसरं प्रकरण परत पाठवलं. चौथ्यांदा. वर एकच ओळ लिहिलीय, यात नवीन काय आहे?"

"होईल गं सगळं मार्गी."

"कधी? पाच वर्षं झाली, ताई. दोनदा नमुने बुरशीने गेले. माझ्याबरोबरच्या दोघी डॉक्टर होऊन नोकरीलासुद्धा लागल्या. मी अजून बशीत शेवाळ भिजवतेय." तिने तळहाताने डोळे पुसले. "चित्रं काढते म्हणून दिवस ढकलला जातो. नाहीतर कधीच सोडून दिलं असतं. आणि तीही हवीयेत कुणाला? लोक बघतात आणि बोटाने पुढे सरकवतात. तुझं बरं आहे. माणसं तुझ्याकडे येऊन मागतात, बाई, एवढं काढून द्या म्हणून."

ताईने गॅस बंद केला. चहा उकळायचा होता अजून.

"तुझंही मागितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"ते थेंबातल्या बाईचं चित्र. आठवीच्या मुखपृष्ठाला. साहेबांनी तुला विचारायला सांगितलं होतं. मी त्यांना सांगितलं, ती नाही म्हणाली."

धाकटीने मान वर केली. मग हळूच म्हणाली, "विचारायचं राहून गेलं का तुझ्याकडून?"

ताईला 'हो' म्हणता आलं असतं. धाकटीला तेच ऐकायचं होतं, हे तिला दिसत होतं.

"नाही. राहून नाही गेलं."

"मग?"

"जळले तुझ्यावर."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं. धाकटी उठून उभी राहिली.

"मी तुझ्या तळ्याला पाणी काढून देत होते, तेव्हा तुला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"पाच वर्षांत माझी एक गोष्ट कुणाला तरी हवी होती, ताई. एक." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर ताईला सोपं गेलं असतं. "आणि ते मला कळूसुद्धा दिलं नाहीस."

तिने कागद गोळा केले, बॅग उचलली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताई छापखाना उघडायच्या आधीच दारात हजर होती. साहेब येताच तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी चष्मा काढला. "मुखपृष्ठं छापून झाली, बाई. आज बांधणीला जातील."

"मग माझं नाव तरी काढा."

"छापलेलं कसं काढू?" ते चष्मा पुसू लागले. "तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं मला."

"मलाही नव्हतं वाटलं."

"पुढच्या वर्षी नववीचं पुस्तक बदलतंय. विचारू तिला." चष्मा डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, "या खेपेला मी स्वतः फोन करीन."

पुस्तक बाजारात आलं. विभागातल्यांनी टाळ्या वाजवल्या. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, तळाशी, ताईचं नाव होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. तिने तिच्या वाट्याची प्रत टेबलाच्या खालच्या खणात ठेवली. घरी नेली नाही.

साहेबांनी शब्द पाळला. धाकटीने एवढंच सांगितलं, "फोन आला होता त्यांचा. प्रकरण आधी पुरं करते, मग कळवते म्हटलं." ती ताईशी बोलायची. दूध आणायचं का, वीज कधी येणार, उद्या उशीर होईल. जेवणाच्या टेबलाशी मात्र आता ती फक्त जेवायला बसायची.

एका रविवारी दुपारी ताई तिच्यासाठी चहा घेऊन गेली. दारावर टकटक केली.

"ये."

खिडकीजवळच्या टेबलावर प्रबंधाची पानं पसरली होती आणि त्यांच्यावरच टॅब होता. त्यावर काहीतरी हिरवं, अर्धवट चाललं होतं. पूर्वी अशी अर्धी चित्रं धाकटी स्वतःहून नाकासमोर धरायची, "बघ ना, बघ ना" करत मागे लागायची, आणि ताई हातातलं काम न सोडता 'हं' म्हणायची.

"पाहू?" ताईने विचारलं.

धाकटीने पेन थांबवलं. विचार केला.

"अजून व्हायचंय."

"बरं."

ताईने कप टॅबपासून लांब, कागदाला धक्का लागणार नाही असा ठेवला. पडद्याकडे न बघता ती वळली आणि जाताना दार हलक्या हाताने ओढून घेतलं.