माझ्या कुशीतला पोचा

मित्रांनो, राज्याचा खजिना काही मोजक्या थोरांच्या पोटावर उभा असतो आणि त्या थोरांपैकी मी एक आहे. म्हणजे, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. त्यातही पोचा आलेला.

माझ्यात बिअर आंबते. पोटात सदा बुडबुडे, त्यामुळे स्वस्थ बसणे माझ्या नशिबी नाही. तांबटाने घडवले तेव्हा मी चांगला गोल गरगरीत होतो. पण भावोजींनी या छोट्या कारखान्याच्या दाराचे माप घेतले आणि माझे घ्यायला विसरले. आत आलो तो कुशीत भला मोठा पोचा घेऊनच. भावोजींच्या वहिनी, म्हणजे आमच्या मालकीणबाई, तेव्हापासून त्यांना ऐकवत आल्या, की तुमचा हात लागलेली वस्तू लांबूनही ओळखू येते.

वहिनींच्या बिअरची लोक तोंडभर तारीफ करत. कर मात्र नदीपलीकडच्या बड्या कारखान्याच्याच दराने. तारीफ करातून वजा होत नाही. शेवटी वहिनींनी कारखाना बंद करायचे मनावर घेतले. भंगारवाला येऊन मला टिचकी मारून गेला. रिकाम्या पोटातही गोळा येतो, हे मला त्या दिवशी कळले.

इतक्यात सरकारने लहान कारखान्यांना करात सूट दिली. लहान कोण? ज्याचा हंडा ठरलेल्या मापात बसतो तो. कागदोपत्री मी जरासा मोठा भरत होतो. वहिनींनी तरीही अर्ज ठोकला आणि साहेब प्रत्यक्ष मोजायला येणार असे ठरले. भावोजींना भलतीच काळजी. साहेबांसमोर पोचा बरा दिसत नाही, म्हणून त्यांनी त्याच सकाळी तांबटाला बोलावले. मीही हुरळलो. पुन्हा गोल होण्याची हौस कोणाला नसते?

सुदैवाने तांबट शब्दाचा पक्का नव्हता. साहेब आधी आले. ठरलेल्या मापाचे पाणी त्यांनी बादल्यांत काढून ठेवले आणि माझ्यात ओतायला लावले. वहिनी हातातल्या फडक्याला पीळ देत उभ्या. मी काठोकाठ भरलो, तरी एक बादली उरलीच. साहेबांनी पोच्यावरून हात फिरवला, "लहान आहे," म्हणाले आणि सही केली.

तेवढ्यात तांबट दारात. "कुठं ठोकायचं?"

वहिनी आडव्या आल्या. "कुठंच नाही. आमच्या भावोजींनी जन्मात एवढं एकच काम धड केलंय."

भावोजी लाजले. मीही.

तेव्हा मित्रांनो, लहानांना जपा, त्यांच्या पोच्यांसकट जपा. तांबट अजून बाकावर बसून आहे. आलोच आहे तर दोन घाव घालून जातो, म्हणतो. तुम्ही जाताना तेवढी त्याची हातोडी घेऊन जा.