माझे नऊ वाजले तेव्हा

मित्रांनो, मी एक आडवी रेघ आहे. गणिताच्या वहीत तुम्ही मला क्ष-अक्ष म्हणता आणि पट्टीने आखून विसरून जाता. मी राहते कुंभार पिंपळगावच्या बद्रीनाथदादांच्या फोनमध्ये, रेशमाच्या शेडचं तापमान दाखवणाऱ्या आलेखाच्या पायाशी. माझ्या हातून जे घडलं, त्याने मी अजून हादरलेली आहे.

मला घडवलं दादांच्या मुलीने, आकांक्षाने. ती जालन्याला कॉम्प्युटर शिकते. तिने शेडमध्ये तापमान मोजणारी डबी टांगली आणि तिचे आकडे फोनवर आणले. गावभर कौतुक झालं. पण सगळे बघायचे ती वरची तांबडी रेषा. माझ्यावर नुसत्या आठवड्याच्या तारखा, त्यांना कोण विचारतो?

शेडमध्ये सकाळी सात ते बारा कामाला ठेवलेल्या दैवशालाबाईंची पाळी असे, पुढे दादांची. अळ्यांना तुतीचा पाला घालायचा आणि ऊन चढलं की खिडक्यांवरचे गोणपाट भिजवायचे. रेशमाच्या अळ्यांना उष्णता मुळीच सोसत नाही.

मार्च संपत आला होता. अळ्या कोष विणायला लागणार, तोच एका संध्याकाळी निम्म्याहून जास्त अळ्या मेलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दादांनी मला उघडलं आणि आदल्या दिवसाच्या तारखेवर दोन बोटं ठेवून ती फाकवली. तारीख उलगडली आणि माझ्या अंगावर पहिल्यांदाच तास उमटले. तांबड्या रेषेचं टोक एकोणचाळीस अंशांवर होतं. बरोबर त्याच्या खाली माझा आकडा होता, नऊ.

नऊ म्हणजे बाईंची पाळी, हे पाहून दादांच्या जिवात जीव आला. हे मी अगदी जवळून पाहिलं. त्यांनी लगेच शेजारच्या दोन शेडवाल्यांना फोन लावला आणि सांगून टाकलं, की बाई कामचुकार आहे, तुम्ही ठेवू नका.

सातला दैवशालाबाई आल्या. दादांनी त्यांना दारातच अडवलं आणि नऊला शेड तापून अळ्या मेल्या, शेजारच्या शेडवाल्यांनाही फोन करून कळवलंय, असं सुनावलं. बाई म्हणाल्या, नऊला मी स्वतः गोणपाट भिजवले, शेड गार होतं. दादांनी फोन पुढे धरला.

"मशीन कशाला खोटं बोलंल?"

बाई सातवी शिकलेल्या. त्या माझ्यावरून सावकाश बोट फिरवू लागल्या. इतक्या नीट मला आजवर कोणी वाचलं नव्हतं. बोट एका जागी थांबलं.

"दादा, हितं तर रात्री अडीचपासून गर्मी चढून राह्यली. आन् दुपारी अडीचला शेड गार. तुमच्या फोनात सूर्य रात्री उगवतो काय?"

दादांनी फोन परत हातात घेतला. त्यांनी आकांक्षाला फोन केला. ऐकून ती रडू लागली. डबी वेळ पाठवायची ती ग्रिनिचच्या घड्याळाची. तुम्ही भूगोलात शिकता ना, तेच ग्रिनिच. ती भारताच्या वेळेत बदलून दाखव, हे मला सांगायचं ती विसरली होती.

"पप्पा, साडेपाच तास पुढं धरा."

दादांनी बोटांवर मोजलं. नऊ नाही, दुपारचे अडीच. पाळी त्यांचीच. जेवून लिंबाखाली पाठ टेकली, ते चारलाच उठले होते.

मित्रांनो, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मी एक शब्दही न बोलता एका बाईची भाकरी हिरावून घेत होते! आणि माझं खोटं खरं मानायला दादा किती तयार होते, त्याचा धक्का तर त्याहून मोठा.

दादा म्हणाले, झालं गेलं, तुम्ही कामाला लागा. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"लागते. पण ज्यांना ज्यांना फोन केल्ता, त्यांना परत करा. माझ्यासमोर."

मेलेल्या अळ्यांच्या वासात उभं राहून दादांनी पहिला नंबर लावला.

"नऊला न्हाई झालं ते. अडीचला. पाळी माझी होती, मी झोपलो होतो."

बाई शांतपणे म्हणाल्या, "आता दुसरा."

आता माझ्याखाली आकांक्षाने ठळक लिहिलं आहे, 'भारतीय वेळ'. मित्रांनो, आलेख काढाल तेव्हा वरच्या रेषेइतकीच पायाशी पडलेल्या रेघेची काळजी घ्या. वेळ लिहाल तर कुठली, तेही लिहा. आणि कोणावर बोट ठेवण्याआधी ते एकदा माझ्यावरून सावकाश फिरवा, दैवशालाबाईंनी फिरवलं तसं.