चेंडू पडेल तिथून

भोपाळबाहेरच्या आमच्या क्लबात गोल्फचं मैदान आणि छोट्या विमानांची धावपट्टी एकाच जमिनीवर आहेत. भोंगा वाजला की खेळ थांबवायचा, विमान गेलं की पुन्हा सुरू करायचा. बाकी नियम एकच, चेंडू पडेल तिथूनच पुढचा टोला मारायचा. आमचे हे सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. नियम म्हणजे यांना ब्रह्मवाक्य.

गेल्या महिन्यात यांचा चेंडू एका विमानाच्या उघड्या दारातून आत गेला आणि विमान इंदूरला उडालं. यांच्यासोबत खेळणारे करंदीकर म्हणाले, "सोडा हो, नवा घ्या." पण नाही! हे बसने इंदूरला गेले आणि तिथून टोले मारत परत निघाले. देवासहून फोन, "चेंडू पोहेवाल्याच्या कढईजवळ आहे, पण खेळण्याजोगा." आष्ट्याहून फोन, "बूट फाटले, पण हात मस्त बसलाय." तू कशी आहेस, हे एकदाही विचारलं नाही.

काल हे पोहोचले. दाढी वाढलेली, तोंड रापलेलं, आणि चेंडू धावपट्टीलगतच्या शेवटच्या भोकापासून वीतभर. मी साकेत नगरच्या घरून डबा घेऊन धावत गेले. हे म्हणाले, "बाजूला हो, तुझी सावली पडतेय."

मी चेंडू उचलला आणि शेजारी उभ्या असलेल्या विमानाच्या दारातून आत भिरकावला.

पायलट म्हणाला, "आंटीजी, हम तो जबलपुर जा रहे हैं."

"जाओ," मी म्हटलं, आणि डबा यांच्या हातात दिला. "वाटेत खा."