अक्षरांचा पट

माझ्या सासऱ्यांचा कॉम्प्युटर सुरू झाला की पलीकडच्या खोलीत पिठाची गिरणी लागल्यासारखं वाटतं. सासऱ्यांना घरीदारी सगळे अण्णाच म्हणतात. अण्णांनी जन्मभर कारखान्यात लेथ चालवली, त्यामुळे जे मशीन आवाज करत नाही ते त्यांच्या मते आजारी असतं. नवीन घेऊ म्हटलं की त्या डब्यावर असा हात ठेवतात, जणू मी त्याला घराबाहेर काढायलाच आले आहे. "चालतंय ना? मग झालं," की विषय संपला. माझ्या नाकावर राग असतो असं नवरा म्हणतो. असतोच. या बापलेकांबरोबर राहून कोणाच्या नसेल?

अण्णांना तो डबा एकाच कामाला लागायचा, संध्याकाळी माझ्या बाबांशी बुद्धिबळ खेळायला. बाबा दुसऱ्या गावात, आई गेल्यापासून एकटे. जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केलेली, त्यामुळे बोलणंही मोजून मापून. बुद्धिबळाच्या साइटवर दोघांच्या नावापुढे घड्याळ पळायचं. ज्याचा वेळ संपला तो हरला. अण्णा नेहमी असेच हरायचे. चाल सुचलेली असायची, पण ब्राउझर जाहिराती, हलणारी चित्रं आणि देव जाणे आणखी काय काय उचलून आणण्यात गुंतलेला. माउस दाबला की गोल चाक फिरत राहायचं. मग बाबांचा फोन यायचा, काय व्याहीबुवा, डुलकी लागली होती का म्हणून. अण्णांचे कान लाल व्हायचे, आणि त्या दिवशी माझ्या चहात साखर कमी निघायची.

हे सगळं गमतीत चाललं होतं. मग कळलं की बाबांचा पाय जिन्यावर मुरगळला होता. कळलं तेही त्यांच्या शेजारणीकडून. स्वतः बाबा आठवडाभर फोनवर "मजेत आहे" सांगत होते आणि स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरून जात होते. मी इतकी ओरडले की नवऱ्याने उठून खिडक्या लावल्या. इकडे राहायला या म्हटलं, रागावून झालं, रडून झालं. बाबांचं एकच पालुपद, मी कोणावर ओझं होणार नाही. शेवटी अण्णांनी माझ्या हातून फोन घेतला आणि पैज लावली. रविवारी एक डाव. अण्णा जिंकले तर बाबांनी बोचकं बांधून आमच्याकडे यायचं, कायमचं. बाबा जिंकले तर राहायचं कुठे हे त्यांचं ते ठरवतील आणि कोणी त्यांच्या मागे लागायचं नाही. बाबा लगेच हो म्हणाले. म्हणणारच, अण्णांचा डबा त्यांच्याच बाजूने होता.

माझ्या लॅपटॉपवर खेळा, मी अण्णांना म्हटलं. नको. त्याची बटणं म्हणे बोटाला लागतच नाहीत, बटण कसं खट्ट वाजलं पाहिजे. खालच्या दुरुस्तीवाल्याला वर बोलावलं, तर त्याने डबा बघून मला भंगारवाल्याचा नंबर दिला. माझं डोकं असं सणकलं की तिथल्या तिथे ठरवलं, आता याच डब्यावर खेळवून दाखवते.

शोधायला बसल्यावर कळलं की आमच्या अण्णांसारखे हट्टी जगात पुष्कळ आहेत. जुन्या, थकल्याभागल्या मशीनसाठी लोक हलके ब्राउझर बनवतात आणि फुकट वाटतात. पहिला आणला तो चुटकीसरशी उघडला. अण्णा खुर्चीत सरसावून बसले. पण पट असा विस्कटून आला की चौसष्ट घरं एकाखाली एक, नुसती लांबच लांब पट्टी. दुसरा मधेच मान टाकायचा. तिसरा मात्र अजब होता. चित्र नाही, रंग नाही, माउसचं काम नाही, नुसती अक्षरं. आणि साइटवाल्यांनी मंद इंटरनेटवाल्यांसाठी एक साधं पान ठेवलं होतं, तेही नुसत्या अक्षरांचं. दोघांचं लगेच गूळपीठ जमलं. पटावर राजाचा रा, वजिराचा व, घोड्याचा घो. चाल लिहायची, खालच्या बाणाने हव्या त्या ओळीवर उतरायचं आणि एंटर दाबायचं, की नवं पान हजर.

अण्णा त्या घो-कडे बघून लहान मुलासारखे हसले. मशीन बरं झालं गं, म्हणाले. मग रविवारपर्यंत आमचा सराव. मी शेजारी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची आणि ते बटणं बडवायचे. खिळा नाही तो, हळू दाबा, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

रविवारी मी आणि नवरा त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिलो. आणि काय सांगू, अण्णा खेळले! इतके दिवस गोल चाकामागे कोंडलेला तो माणूस असा सुटला की बाबांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. घड्याळ पळत होतं ते बाबांचं. अण्णांनी घोडा दिला, त्याच्या बदल्यात राजा उघड्यावर आणला, आणि मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नसूनही कळलं की बाबा आता येणार. कुठली खोली द्यायची, पलंग कुठल्या भिंतीला लावायचा, सगळं माझ्या मनात लागून झालं.

शेवटच्या आधीची चाल. अण्णांनी ती लिहिली आणि बाण दाबला. दाबला म्हणजे ठोकला. तो 'चाल पाठवा' या ओळीवर थांबायचा सोडून पुढे घसरला, त्याखालच्या 'बरोबरी सुचवा'वरूनही घसरला आणि तिसऱ्या ओळीवर जाऊन बसला. एंटर. नवं पान नेहमीसारखं झटकन आलं. तुम्ही हार मान्य केली आहे.

मोठ्या ब्राउझरमध्ये अशा वेळी 'नक्की ना?' असं विचारणारी चौकट येते. आमच्या हलक्याने जे जे ओझं टाकून दिलं होतं, त्यात ती चौकटही होती.

हातातोंडाशी आलेला घास गेला, तोही स्वतःच्याच बोटाने. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं, पण त्यांच्याकडे बघून ते सगळं गिळलं आणि मला रडूच फुटलं. "सूनबाई," अण्णा म्हणाले, "तुझे बाबा मी घालवले गं."

तेवढ्यात फोन वाजला. बाबाच होते. मी स्पीकर लावला.

"व्याहीबुवा, दोन चालींत मी मेलो होतो," बाबा म्हणाले. "मला दिसत होतं."

"अहो, ते म्हणजे..."

"थांबा, मला बोलू द्या. मला हरवून नेलं असतंत तर शब्दाला जागून आलो असतो, पण तुमच्या घरात हरलेला माणूस म्हणून बसलो असतो. तुम्हाला ते कळलं. हातातला डाव सोडून दिलात. असा माणूस ज्या घरात आहे तिथे मी ओझं कसला होतोय? येतो मी."

अण्णा सरळ माणूस. त्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि मी जन्मात पहिल्यांदाच सासऱ्यांच्या तोंडावर हात दाबून धरला. झाकली मूठ सव्वा लाखाची. कधी येताय ते सांगा, न्यायला येतो, असं नवऱ्याने वरच्या पट्टीत विचारून घेतलं.

बाबा आले. मी खुशीत इतकी गात होते की नवऱ्याने पुन्हा खिडक्या लावल्या. अण्णांची मात्र पंचाईत झाली. बाबा चहा घेताना, फिरायला जाताना, भेटेल त्याला त्यांच्या मोठ्या मनाची गोष्ट सांगत होते. अण्णांना ते फुकटचं कौतुक पचेना आणि मी डोळे वटारून असल्यामुळे ओकताही येईना. शेवटी एका सकाळी मी भाजी निवडत असताना त्यांनी बाबांचा हात धरला, डब्यापुढच्या खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

बाबांनी चष्मा पुसून पान उघडून घेतलं. बाण ठोकला. तो घसरला. त्या तीन ओळी त्यांनी शेताची हद्द बघावी तशा वाकून बघितल्या. मी निवडलेली भाजी हातात घेऊन दारात उभी. त्यांची बॅग अजून पलंगाखालीच होती, रोज एकेक शर्ट तिच्यातूनच काढत होते.

"म्हणजे पैज मी जिंकलो," बाबा म्हणाले.

अण्णांनी मान खाली घालून हो म्हटलं.

"मग राहायचं कुठे ते मी ठरवणार." बाबा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसतही होते. "पोरी, माझ्या कपड्यांना एक कपाट दे. आणि व्याहीबुवा, ही बटणं हळू कशी दाबायची, ते आता मी तुम्हाला शिकवतो."

मी दोघांवरही सडकून ओरडले, अशी माणसाला धडकी भरवतात का म्हणून. मग तशीच डोळे पुसत आत गेले आणि नवऱ्याचं कपाट रिकामं केलं.