अर्ध्या पाट्या इकडे, अर्ध्या तिकडे

मित्रांनो, मी आहे एक जुनी लोखंडी पाटी. तुमच्या दप्तरातली नव्हे हं, बंधाऱ्याची! पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचांत आम्हाला एकीवर एक बसवतात, तेव्हा कुठे पाणी अडतं. मंगरूळपीरच्या एका वर्कशॉपात मी घडले आणि तिथून थेट पैनगंगेवर आले. नदीच्या या काठाला वाशिम जिल्हा, त्या काठाला हिंगोली. हद्द म्हणे माझ्या अंगावरूनच जाते. मी पडले चौकस स्वभावाची, लई शोधली. पण मला काही ती सापडली नाही बाई. इकडचं नि तिकडचं पाणी सारखंच गार.

पहिली काही वर्षं मजेत गेली. दोन्ही गावं मिळून आम्हाला बसवायची, रंग लावायची, कौतुक करायची. मग नदीतून पाणी उपसणाऱ्या कुणाच्याशा मोटारीवरून भांडण पेटलं आणि माणसांनी अजब वाटणी केली. अर्ध्या पाट्या या काठावरच्या खोलीत, अर्ध्या त्या काठावरच्या. कुणी एकट्याने पाणी अडवू नये म्हणून ही अक्कल! झालं, दरवर्षी हे म्हणायचे त्यांनी आधी बसवाव्या, ते म्हणायचे यांनी. मी खोलीत गंजत पडले. पलीकडच्या बहिणींचं काय चाललं असेल, या विचाराने जीव नुसता कासावीस व्हायचा.

नदीचं पाणी निघून जायचं आणि संक्रांत सरली की गावच्या विहिरी तळ दाखवायच्या. या काठावरच्या सरपंच प्रयागबाईंची नात योगिनी मग शाळा बुडवून लांबून पाणी आणायची. त्या वर्षी तर ती दहावीला, आणि पाऊस कमी म्हणून दिवाळीतच विहिरी आटल्या, नदीला मात्र अजून धार होती. बाईंनी ग्रामसभेत सांगून टाकलं की आपल्या साऱ्या पाट्या पलीकडे देऊन टाकू. लोक खवळले. मग आपल्या हाती राहतं काय, असं विचारू लागले. बाई हटल्या नाहीत. अख्खी दुपार समजूत घालून त्यांनी ट्रॅक्टर भरवलाच.

आणि मी पहिल्यांदा पलीकडे निघाले! काय काय पाहू नि काय नको, असं झालं मला. पाहते तर तिथलीही विहीर कोरडी, तिथेही बायांची रांग. तिथले सरपंच मोहनसिंग आमच्याकडे बघतच राहिले.

प्रयागबाई म्हणाल्या, “भाऊ, आता साऱ्या पाट्या तुमच्यापाशी हायेत. टाकाच्या का नाही, तुमीच ठरवा. माह्या नातीले परीक्षेले बसू द्याचं हाय.”

मोहनसिंगांनी ट्रॅक्टरमधल्या एका पाटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “माही पोरगी बी दहावीलेच हाय, बाई. ते बी पाणीच भरून राह्यली.”

दोनच दिवसांत आम्ही साऱ्या बहिणी खाचांत एकीवर एक बसलो. फटींत दोन्ही गावांनी चिखल-गवत दाबलं. पाणी माझ्या गळ्यापर्यंत चढलं, तेव्हा मला रडूच आलं.

आता नवा रिवाज पडला आहे. पावसाळ्यात यांच्या पाट्या ते सांभाळणार, त्यांच्या हे. दुसऱ्याची वस्तू म्हणून माणसं जास्तच जपतात, तेल लावतात, मोजून परत देतात. मित्रांनो, तुमच्याही नदीवर आमच्यासारख्या कुणी खोलीत गंजत असतील, तर त्यांना बाहेर काढा. पलीकडच्यांना हाक मारायला लाजू नका.

पाणी अडलं त्याच हंगामात, मार्चमध्ये परीक्षा आली. सकाळी योगिनी या काठाने निघाली, मोहनसिंगांची पोरगी त्या काठाने. दोघींनी माझ्या डोक्यावरून एकमेकींना हात केला. हात मोकळे होते, हंडा कुणाकडेच नव्हता.